कळवळा आणि हक्क

(वैजापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : संकटाच्या वेळी माणूस दुसऱ्याच्या मदतीला का धावतो, आणि का धावत नाही ? पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला भावनांवर बोलायला लावणे हा थोडासा अन्यायच आहे. आमच्या पाठ्यपुस्तकातला माणूस केवळ नफ्यातोट्याचा हिशेब करतो. तो रडत नाही, घाबरत नाही, त्याला कोणाची लाजही वाटत नाही. हा माणूस मी फळ्यावर पुष्कळ वेळा काढला. पण ज्या तालुक्यात मी लहानाचा मोठा झालो तेथे तो मला कधी भेटला नाही. म्हणून निमंत्रण स्वीकारले.

आणखी एक कारण आहे. आपल्या चळवळीत या प्रश्नाबाबत दोन टोकाच्या वृत्ती दिसतात. काही मित्र म्हणतात, दयाधर्म हा धनिकांचा मुखवटा आहे. आपण व्यवस्था बदलण्यासाठी आहोत, घोंगड्या वाटण्यासाठी नाही. दुसऱ्या प्रकारचे मित्र संकटाची बातमी येताच ट्रक भरून निघतात आणि ट्रक रिकामा झाला की आपले कर्तव्य संपले असे मानून परततात. मी आयुष्यात या दोन्ही चुका केल्या आहेत. त्या अनुभवाच्या आधारे एकच गोष्ट मांडायची आहे : कळवळ्यावाचून मदत सुरू होत नाही, आणि केवळ कळवळ्यावर ती टिकत नाही. कळवळा जिवंत असतानाच त्याचे हक्कात रूपांतर करणे हे राजकीय कार्यकर्त्याचे काम आहे.

अर्थशास्त्राचा जनक म्हणून ज्याचे नाव आपण घेतो तो अॅडम स्मिथ मुळात नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता. राष्ट्रांच्या संपत्तीवरील प्रसिद्ध ग्रंथाच्या १७ वर्षे आधी, १७५९ साली, त्याने मानवी भावनांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो कल्पना करतो की, चीनसारखा विशाल देश भूकंपात गडप झाला, तर युरोपातला एखादा सहृदय गृहस्थ काय करील ? तो हळहळेल, मानवी जीवनाच्या क्षणभंगुरतेवर चार विचार मांडील, आणि रात्री स्वस्थ झोपेल. पण उद्या आपली करंगळी कापली जाणार आहे असे त्याला कळले, तर त्याचा डोळा लागणार नाही. येथवरचा भाग पुष्कळांना ठाऊक असतो. पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. स्मिथ विचारतो, मग करंगळी वाचवण्यासाठी हा गृहस्थ लाखो माणसांचा बळी द्यायला तयार होईल काय ? नाही होणार. आणि त्याला अडवणारी गोष्ट दया नव्हे. ती फार दुबळी असते. त्याला अडवते ती सदसद्विवेकबुद्धी. दया आणि विवेक यांतला हा भेद लक्षात ठेवावा. शेवटी मी त्याकडे परत येणार आहे.

दया दुबळी कशी, हे पाहण्यासाठी चीनपर्यंत जाण्याची गरज नाही. ८ मे २०२० ची पहाट आठवा. टाळेबंदीचे दिवस होते. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर रुळांच्या कडेने घराकडे चालत निघाले होते. करमाडजवळ थकून ते रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली त्यांतले १६ जण मरण पावले. आपल्या रोटेगाव स्थानकावरून जाणारा लोहमार्गच पुढे करमाडला जातो. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचे छायाचित्र देशभर पोचले, आणि ज्यांच्या घशाखाली त्या दिवशी घास उतरला नाही अशी माणसे मला माहीत आहेत.

पण मजूर त्या दिवशी प्रथमच चालत नव्हते. मार्चच्या अखेरीपासून महामार्गांवरून माणसांच्या रांगा चाललेल्या होत्या. तेव्हा आपल्याच भागातल्या कितीतरी गावांनी रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकून वेस बंद केली होती. ती माणसे निर्दय होती काय ? मुळीच नाही. त्यांपैकी अनेकांनी त्याच रस्त्याच्या कडेला पाण्याचे माठ ठेवले होते आणि भाकऱ्यांची गाठोडी बांधून ठेवली होती. भय आणि दया एकाच घरात नांदत होती. भयाचे बळ वाढले की माणूस भाकरी देतो, पण उंबरा ओलांडू देत नाही. आणि ते आणखी वाढले की भाकरीही देत नाही. संकटात लोक वाईट होतात असे म्हणण्याऐवजी, लोकांचे भय कमी करणारी व्यवस्था त्या वेळी होती काय, असे विचारणे अधिक न्यायाचे आहे. जेथे निवारा, तपासणी आणि शिधा यांची सोय झाली तेथे तीच माणसे मोकळ्या मनाने पुढे आली. निर्भयता हादेखील सार्वजनिक सोयीचा प्रश्न आहे.

आता दुसरे उदाहरण. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. महाराष्ट्र अक्षरशः धावला. गावोगावच्या शाळांतून खाऊचे पैसे गोळा झाले. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथा यांनी सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले आणि वर्षानुवर्षे सांभाळले. त्या दिवसांत मीही महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना घेऊन, कपडे आणि धान्याचा एक ट्रक भरून, तिकडे गेलो होतो.

तेथे मी काय पाहिले ? रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडले होते. आमचाही ढीग त्यांत पडला. एक म्हातारा शेतकरी माझ्याजवळ आला आणि दोर आहे का, असे त्याने विचारले. त्याची जनावरे सुटली होती. दोर आमच्याजवळ नव्हता. काय लागेल हे निघण्यापूर्वी कोणाला विचारावे, असे आमच्या मनातच आले नव्हते. आम्हाला दुःख झाले होते आणि त्या दुःखातून आम्हाला मोकळे व्हायचे होते. परतीच्या प्रवासात मुले गाणी म्हणत होती, मलाही हलके वाटत होते. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा जाऊ असे आम्ही ठरवले होते. मी गेलो नाही. पत्र्याच्या निवाऱ्यात लोकांनी काढलेले महिने, नव्या गावांच्या वसाहती, घरांच्या याद्यांवरून झालेली भांडणे, या काळात माणसांची खरी गरज होती. आणि त्या काळात माझा कळवळा आटून गेला होता. ही कबुली मी सत्पुरुष म्हणवून घेण्यासाठी देत नाही. उदाहरण म्हणून देतो. भावनेच्या भरात दिलेल्या मदतीचा मोठा भाग देणाऱ्याच्या मनःशांतीसाठी असतो.

मराठवाड्याच्या दृष्टीने यातून एक कठोर निष्कर्ष निघतो. भूकंपाला तारीख असते, दुष्काळाला नसते. भूकंप एका रात्रीत होतो, त्याची छायाचित्रे निघतात. दुष्काळ मात्र विहिरीच्या तळाशी, सावकाराच्या वहीत आणि अर्ध्यावर शाळा सोडलेल्या मुलीच्या आयुष्यात हळूहळू उतरतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी गेली. ती साऱ्या देशाला आठवते, कारण तिला रूप होते. त्याच उन्हाळ्यात वैजापूर-गंगापूरकडच्या वाड्यावस्त्यांवर टँकरची वाट पाहत बायका घागरी घेऊन तासन् तास उभ्या राहिल्या. त्यांच्यासाठी कोठे निधी गोळा झाल्याचे मला स्मरत नाही. टँकर ही आमच्याकडे बातमी उरलेली नाही. तो ऋतू झाला आहे. आणि ज्या दुःखाचा ऋतू होतो त्याच्याकडे बघण्याची डोळ्यांना सवय होते.

यावर शास्त्रीय अभ्यासही झाले आहेत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात लोकांना थोडे पैसे देऊन त्यांतून उपासमारीसाठी मदत मागितली गेली. एका गटाला एका भुकेल्या मुलीचे नाव आणि चित्र दाखवले. दुसऱ्याला लाखो उपाशी माणसांचे आकडे दिले. मुलीसाठी लोकांनी आकड्यांच्या दुपटीहून अधिक पैसे दिले. पण खरी गंमत पुढे आहे. तिसऱ्या गटाला मुलीचे चित्र आणि आकडे दोन्ही दिले, तेव्हा केवळ चित्र पाहणाऱ्यांपेक्षा देणगी पुष्कळ कमी झाली. आकड्यांनी दयेत भर पडली नाही, ती निवाली. आम्हा अर्थशास्त्रवाल्यांच्या भाषणांनी माणसे का हलत नाहीत, याचे उत्तर मला त्यात सापडले. पण त्याचबरोबर हेही कळले की, केवळ चेहऱ्यावर चालणारी मदत ज्याचा चेहरा छायाचित्रात आला नाही त्याला कधीच पोचणार नाही.

चेहरा कोणाचा, हा प्रश्न आपल्या समाजात निरुपद्रवी नाही. सत्तरच्या दशकाच्या आरंभी, दुष्काळाच्या त्या वर्षांत, डॉ. बाबा आढाव यांनी 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम काढली आणि गावोगाव फिरून सार्वजनिक विहिरी कोणाला खुल्या आहेत ते तपासले. दुष्काळात सारे गाव तहानलेले असते. सर्वांच्या घशाला सारखीच कोरड पडते. तरीही विहिरीच्या काठावर दलित स्त्रीला ओंजळ पुढे करून उभे राहावे लागत होते; तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतणारी सवर्ण स्त्री स्वतःला दयाळूच समजत होती, आणि ते खोटेही नव्हते. तिच्याजवळ दया होती. समतेची जाणीव नव्हती. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर मराठवाड्यात दलितांची घरे जळाली, तेव्हा शेजारच्या घरांतून पाण्याच्या किती घागरी निघाल्या हे आपणा जुन्या लोकांना विचारावे. दयेला वेस असते. ती वेस दया स्वतः ओलांडत नाही. कायदा, शिक्षण आणि चळवळ यांनी ती ओलांडायला लावावी लागते.

आतापर्यंत देणाऱ्याच्या मनाविषयी बोललो. घेणाऱ्यालाही मन असते, हे आपण नेहमी विसरतो.

१९७२ साली मी बारा वर्षांचा होतो. सलग तिसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला होता. आमच्या घरची बाजरी जळून गेली होती आणि बैल विकून झाले होते. माझी आई खडी फोडायला जात होती. दुपारी कामावर सुकडी मिळे. रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी मिळे, तिची भाकरी धड थापली जात नसे. एके दिवशी शहरातून काही सद्गृहस्थ लुगडी वाटायला आले. बायकांना ओळीत उभे करून एकेकीच्या हाती लुगडे ठेवले जात होते. आईच्या अंगावरच्या लुगड्याला ठिगळे होती, तरी ती ओळीत गेली नाही. घमेले डोक्यावर घेऊन कामावर परतली. शनिवारी मुकादमाने हजेरी वाचून आठवड्याचे पैसे दिले तेव्हा मात्र तिने ते दोनदा मोजून घेतले आणि एका दिवसाचा खाडा चुकीचा मांडला आहे म्हणून त्याच्याशी भांडली. लुगडे देणाऱ्याशी भांडता येत नाही. मजुरी देणाऱ्याशी येते. हक्क आणि दान यांतला फरक मी पुढे पुस्तकांतून शिकवला, पण कळला तो त्या शनिवारी.

त्या दुष्काळात १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. मोठ्या प्रमाणावरचे भूकबळी टळले. ते केवळ सरकारच्या करुणेने टळले असे नव्हे. कामासाठी, मजुरीसाठी, धान्यासाठी गावोगाव मोर्चे निघाले. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध हजारो स्त्रियांना लाटणी हाती देऊन रस्त्यावर आणले. म्हणजे करुणेच्या जोडीला संताप होता, सत्तेवर बसलेल्यांच्या मनात लाज आणि भीती होती, आणि या सर्व भावनांना वळण देणारी संघटना होती. साठच्या दशकात वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात ज्या कल्पनेचा प्रयोग केला होता, ती रोजगार हमीची कल्पना दुष्काळाच्या त्या अनुभवातून राज्याचे धोरण बनली. १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम. पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता. २००५ साली साऱ्या देशासाठी कायदा झाला तेव्हा महाराष्ट्राचे हेच उदाहरण समोर होते.

या योजनेला पैसा कोठून आला तेही पाहण्यासारखे आहे. १९७५ साली व्यवसाय कर बसला. शहरातला कारकून, शिक्षक, वकील, डॉक्टर यांच्याकडून दरमहा छोटी रक्कम घ्यायची आणि राज्याने त्यात आपली भर घालायची. पुढे प्राध्यापक झाल्यावर माझ्याही पगारातून ती कापली जात असे, आणि शिक्षकांच्या खोलीत त्याविषयी कुरकूर होत असे. कुरकूर करणाऱ्याचे पैसेही खडी फोडणाऱ्या बाईपर्यंत पोचत होते. त्यासाठी त्याला रडू येण्याची गरज नव्हती, आणि तिला ओळीत उभे राहण्याची गरज नव्हती. किल्लारीला नेलेल्या माझ्या ट्रकापेक्षा, कळत-नकळत दिलेल्या त्या कराने अधिक काम केले असे मी आज मानतो.

अमर्त्य सेन यांनी १९७७ सालच्या एका निबंधात सहानुभूती आणि बांधिलकी यांत भेद केला आहे. दुसऱ्याचा छळ पाहून तुम्हाला स्वतःला क्लेश होत असतील तर ती सहानुभूती. तुम्हाला स्वतःला क्लेश झाले नाहीत, तरी हे अन्याय्य आहे आणि ते थांबवण्यासाठी मी काही करीन असे तुम्ही ठरवले, तर ती बांधिलकी. स्मिथची विवेकबुद्धी ती हीच. आपल्या पक्षाच्या लिखाणात बांधिलकी हा शब्द इतका झिजला आहे की त्याचा अर्थ पुन्हा सांगावा लागतो : डोळ्यांतले पाणी वाळल्यानंतर जे उरते ते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. कायदा झाला म्हणून सारे झाले काय ? हजेरीपटावर खोटी नावे लागली, मजुरी महिनोन् महिने थकली, बेकारी भत्ता तर फारच क्वचित कोणाच्या हाती पडला. कायद्याच्या कागदालाही कोरड पडते. ज्या अधिकाऱ्याला समोरच्या बाईच्या भुकेची कल्पनाच करता येत नाही त्याच्या हाती उत्तम कायदाही निर्जीव होतो. म्हणून भावनेला हद्दपार करा असे मी म्हणत नाही. कळवळ्यातून कायदा व्हावा, आणि कायदा जिवंत ठेवण्यासाठी कळवळा पुन्हा पुन्हा जागा व्हावा. ही दुहेरी वाहतूक चालू ठेवणारा माणूस म्हणजे कार्यकर्ता.

तो हे कसे करील ? आपल्या तालुक्यातच एक उदाहरण आहे. गोदावरीतल्या सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांचा सप्ताह आपण सर्वांनी पाहिला आहे. दर वर्षी नवे गाव, आणि खेड्याखेड्यांतून घरोघरच्या भाकऱ्या तेथे येतात. आपली भाकरी कोण खाणार हे भाजणारीला ठाऊक नसते; तिला त्याचा चेहरा पाहण्याची गरज वाटत नाही. मी भाविक नाही. पण तेथे भावनेला वेळापत्रक आहे, गावागावाचा वाटा ठरलेला आहे, आणि पंगतीत बसणाऱ्याला कोणाचे उपकार मानावे लागत नाहीत, हे मला समाजवाद्यांनी शिकण्यासारखे वाटते. भक्तीला जे साधते ते नागरिकत्वाला का साधू नये ?

२०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाड्याची उभी पिके वाहून गेली तेव्हा राज्यभरातून मदत आली. ती स्वागतार्हच होती. पण पुढच्या संकटाच्या वेळी, ते पूर असो वा दुष्काळ, मी आपणाकडून चार गोष्टींची अपेक्षा करतो. पहिली : ट्रक भरण्यापूर्वी काय हवे ते विचारा. दुसरी : लोकांची मने हललेली असतात त्या पहिल्या पंधरवड्यातच नुकसानीच्या याद्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्या, आणि त्यांत दलितवस्ती, पारधी आणि भटक्यांची पाले, कुळाने जमीन कसणारा, परित्यक्ता बाई यांची नावे आहेत की नाहीत ते पाहा. तिसरी : कायद्याचे नाव काहीही असो, कामाची मागणी लेखी करा आणि तहसील कचेरीतून पोच घेतल्याशिवाय उठू नका. चौथी आणि सर्वांत अवघड : तीन महिन्यांनी परत जा. छायाचित्रकार तेव्हा नसतील, वर्गणी देणारे नसतील, तुमच्या मनातही पहिली उमाळ नसेल. तेव्हाच जा.

माझी आई आज नाही. तिला मदत करणाऱ्या त्या सद्गृहस्थांविषयी तिच्या मनात कधी कडवटपणा नव्हता. चांगली माणसे होती, असेच ती म्हणे. पण म्हातारपणी दुष्काळाच्या गोष्टी निघाल्या की ती लुगड्यांची गोष्ट सांगत नसे. मुकादमाकडून आपण एका दिवसाची मजुरी कशी सोडवून घेतली, तीच गोष्ट ती दर वेळी सांगत असे.

एवढे बोलून मी थांबतो.